वाचकांचे प्रश्न : ‘ब्लॉकेज किती टक्के?’ एवढ्यावर भागत नाही

रक्तवाहिन्यांच्या तपासण्यांबद्दल या सदरासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत एकच वाक्य फिरून फिरून येतं : ‘इतके टक्के ब्लॉकेज निघालं, काळजी करू का?’ मी रेडिओलॉजिस्ट आहे. हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे स्कॅन वाचणं हे माझं रोजचं काम. माणसांशी माझी गाठ कमी पडते, त्यांच्या धमन्यांशी जास्त. त्यामुळे कुठली गोळी किती घ्यायची हे मला विचारू नका, ते तुमचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतील. चित्रात काय दिसतं, काय दिसत नाही आणि काय नुसतंच दिसल्यासारखं वाटतं, ते मी सांगते. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाच्या छातीत जडपणा वाटायचा म्हणून अँजिओग्राफी केली. एका धमनीत 30 टक्के ब्लॉकेज निघालं. ‘किरकोळ आहे, स्टेंटची गरज नाही’ असं सांगून गोळ्या लिहून दिल्या. किरकोळच आहे म्हणून त्याने त्या महिना-दोन महिन्यांत सोडून दिल्या. वर्षाच्या आत त्याला झटका आला, आणि तोही त्याच जागी. अँजिओग्राफी चुकली की वाचणारा चुकला?

उत्तर : बहुधा दोघंही चुकले नाहीत. अँजिओग्राफीला जे विचारलं त्याचं तिने बरोबर उत्तर दिलं. प्रश्नच अर्धा होता.

अँजिओग्राफीत आपण धमनी बघत नाही, धमनीतून वाहणारा डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारा द्रव, बघतो. 1958 साली क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून डाय चुकून थेट हृदयाच्या धमनीत गेला. रुग्णाचं हृदय क्षणभर थबकलं, पुन्हा चालू झालं आणि त्या अपघातातून ही तपासणी जन्माला आली. यंत्रं पुढे कितीतरी सुधारली, पण तत्त्व तेच राहिलं. पडद्यावर उमटते ती डायची रेघ. रेघ जिथे बारीक होते तिथे अडथळा आहे असं आपण म्हणतो. धमनीची भिंत त्या चित्रात नसतेच.

आणि आजार असतो भिंतीत. ‘नळात गाळ साचावा तशी शीर भरत जाते’ ही उपमा सगळेच देतात, अगदी डॉक्टरसुद्धा. या उपमेने फार घोटाळा करून ठेवला आहे. नळाची भिंत निर्जीव, गाळ तिच्या आतल्या बाजूला बसतो. धमनीत मेद जमतो तो अस्तराच्या खाली, भिंतीच्या जाडीत. भिंत जिवंत असते, ती वागते. मेद साठू लागला की धमनी बाहेरच्या बाजूला फुगून आतली वाट मोकळी ठेवते. सेमूर ग्लॅगोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनातली 136 हृदयं तपासून 1987 साली हे दाखवून दिलं : धमनीच्या छेदाची सुमारे 40 टक्के जागा मेदाच्या थराने व्यापेपर्यंत आतली पोकळी फारशी आकसतच नाही. म्हणजे अँजिओग्राफीच्या पडद्यावर जे ‘सुरुवातीचं’ म्हणून दिसतं, ते भिंतीच्या हिशेबात चांगलंच पुढे गेलेलं असू शकतं.

त्यातही त्या टक्क्यांची एक गंमत आहे. 30 टक्के म्हणजे कशाच्या 30 टक्के? अरुंद जागेचा व्यास शेजारच्या ‘चांगल्या’ भागाच्या व्यासाशी ताडून हा आकडा काढतात. पण मेदाचा थर बऱ्याचदा लांबवर पसरलेला असतो. शेजारचा तो चांगला भागही आतून जाड झालेला असेल, तर आपण आजाऱ्याची तुलना आजाऱ्याशीच करत असतो. मी रोज बघते की लोक या आकड्याला परीक्षेतल्या गुणांसारखं धरून बसतात. तीस म्हणजे पास, सत्तर म्हणजे नापास. सत्तरचा अर्थ वेगळा आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. चालताना छाती भरून येणं बहुतेकदा अशा अरुंद जागांमुळे असतं. पण झटक्याचं गणित त्या आकड्यावर सुटत नाही.

झटका बहुतेक वेळा येतो तो असा : भिंतीतल्या मऊ, मेदाळ गाभ्यावर तंतूंचं एक आवरण असतं. ते पातळ होत होत फाटतं, आतला ऐवज रक्ताला भिडतो आणि काही मिनिटांत तिथे गुठळी धरते. कालपर्यंत 30 टक्के असलेली जागा आज 100 टक्के. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पेक्ट’ या अभ्यासात झटका येऊन गेलेल्या 697 रुग्णांच्या हृदयाच्या तिन्ही मुख्य धमन्या आतून अल्ट्रासाउंडने तपासल्या आणि सुमारे तीन वर्षं पाठपुरावा केला. नंतर ज्या नव्या जागांनी त्रास दिला, त्या पहिल्या अँजिओग्राफीत सरासरी 32 टक्केच अरुंद होत्या. तुमच्या भावाची जागा याच पंक्तीतली.

आता दुसरी बाजू, नाहीतर हे वाचून उद्या सगळे 30 टक्केवाले झोप घालवून बसतील. त्याच अभ्यासात सर्वांत वाईट दिसणाऱ्या जागा, म्हणजे मेदाचा थर मोठा, पोकळी लहान आणि आवरण पातळ अशा तिन्ही खुणा असलेल्या, त्यांनीसुद्धा तीन वर्षांत त्रास दिला तो 18 टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या गप्प राहिल्या. पातळ आवरण पुन्हा जाडही होतं. ते जाड व्हावं, आतला मेद कमी व्हावा, यासाठीच तर त्या गोळ्या असतात. स्टेंट एका जागेवर बसतो, गोळी सगळ्या भिंतींपर्यंत पोचते. भावाला झटका गोळ्या सोडल्यामुळेच आला असं मी म्हणणार नाही, एका माणसाच्या बाबतीत ते कुणालाच ठरवता येत नाही. पण ‘स्टेंटची गरज नाही’ हे वाक्य त्यांनी ‘आजार नाही’ असं ऐकलं, एवढं मात्र दिसतंय. आता तरी गोळ्या सोडू देऊ नका.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझा कॅल्शियम स्कोअर 180 होता. तेव्हापासून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) नेमाने घेते, रोज चालते, वजनही उतरलं. परवा पुन्हा केला तर 240! मग या गोळीचा उपयोग काय? बंद करू का?

उत्तर : बंद करू नका. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं स्पष्टीकरण वाचून होईपर्यंत काही जण डबी टाकून मोकळे झालेले असतात.

हा स्कोअर म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं माप. तो निघतो कसा ते एकदा पाहा. पद्धत 1990 सालची, आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. डाय न देता हृदयाचा सीटी काढायचा. जे ठिपके 130 हाऊन्सफिल्ड युनिट (सीटीतल्या उजळपणाचं माप) किंवा त्याहून अधिक उजळ आहेत आणि निदान 1 चौरस मिलिमीटर पसरलेले आहेत, तेवढेच मोजायचे. प्रत्येक ठिपक्याचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि त्याला उजळपणानुसार गुणायचं : 199 पर्यंत असेल तर 1 ने, 299 पर्यंत 2 ने, 399 पर्यंत 3 ने, आणि 400 च्या पुढे 4 ने. सगळ्यांची बेरीज म्हणजे स्कोअर.

समजा तुमच्या धमनीत 10 चौरस मिलिमीटरचा ठिपका होता, उजळपणा 190. त्याचे गुण 10. दोन वर्षांत तो तसूभरही वाढला नाही, फक्त टणक झाला आणि उजळपणा 310 वर गेला. आता गुण 30. कागदावर आजार तिप्पट. प्रत्यक्षात मऊ गाभा आटून तिथे कठीण, बसून गेलेला थर तयार झाला. स्टॅटिन बऱ्याचदा नेमकं हेच करतं : मेद काढून घेतं आणि उरलेलं टणक करतं. मोठ्या गटावरच्या एका अभ्यासात 2014 साली असंही आढळलं की कॅल्शियमचं आकारमान तेवढंच धरलं, तर ते जितकं घट्ट तितका धोका कमी. म्हणजे स्कोअरच्या सूत्रात ज्या गोष्टीला जास्त गुण मिळतात, ती काही अंशी चांगलीच बातमी असते. सूत्र करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता.

उपचार सुरू करायचे की नाही हे ठरत नसेल, तेव्हा पहिला स्कोअर फार कामाचा आहे. गोळी चालू असताना तो पुन्हा पुन्हा काढण्याच्या मी विरोधात आहे. त्यातून निर्णय बदलत नाही, मन मात्र बिघडतं. तुमच्या बाबतीत एलडीएल कोलेस्टेरॉल किती उतरलं आणि रक्तदाब कुठे आहे, हे या 240 पेक्षा जास्त बोलकं आहे.

प्रश्न : वय 41. जिने चढताना छाती आवळल्यासारखी होते, थांबलो की जाते. सिगारेट आहे. कॅल्शियम स्कोअर शून्य आला आहे. म्हणजे हृदयाचा प्रश्न निकालात निघाला ना?

उत्तर : नाही. तुमचं पत्र वाचून खरं तर पोस्टाने उत्तर पाठवायचा धीर होत नव्हता. संपादकांमार्फत तुम्हाला आधीच कळवलं आहे, इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

शून्याचा अर्थ एवढाच की टणक झालेला थर नाही. कॅल्शियम हे मुरलेल्या आजाराचं लक्षण. मऊ, ताजा मेद त्या स्कॅनमध्ये रक्तापासून वेगळा ओळखूच येत नाही, कारण डाय दिलेलाच नसतो. साठीतल्या, काहीही त्रास नसलेल्या माणसाला शून्य आला तर ती खरोखर आनंदाची गोष्ट आहे. चाळिशीतल्या, सिगारेट ओढणाऱ्या आणि जिन्यावर छाती आवळणाऱ्या माणसाचा शून्य तितका भरवशाचा नाही. मधुमेह असेल किंवा घरात कमी वयात झटके आले असतील, तेव्हाही हेच. तुम्हाला त्रास होतोय हीच मोठी माहिती आहे, स्कोअर तिच्या मागून येतो. आणि हाच त्रास बसल्या जागी किंवा कमी श्रमात होऊ लागला, तर तपासणीची तारीख मागत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

तुमच्यासारख्यांसाठी डाय देऊन केलेली सीटी कोरोनरी अँजिओग्राफी आहे. ती नावाने अँजिओग्राफी असली तरी तिच्यात भिंत दिसते. आधी नाडी 60 च्या आसपास आणावी लागते, त्यासाठी गोळी देतात. हलणाऱ्या हृदयाचा फोटो पुसट येतो. दमा असेल तर हे आधी सांगा, कारण त्या गोळीने तो उसळू शकतो. मग जिभेखाली नायट्रोग्लिसरिनचा फवारा, म्हणजे धमन्या रुंदावतात. थोडं डोकं दुखतं. डाय शिरेतून जाताना अंगातून एक ऊब सरकत जाते, बऱ्याच जणांना लघवी झाल्यासारखं वाटून ते दचकतात. तसं काही झालेलं नसतं. श्वास रोखायला सांगतात, तेवढ्यात ईसीजीच्या ठोक्याला धरून यंत्र चित्रं घेतं. मूत्रपिंडाचा आजार, डायची अ‍ॅलर्जी किंवा गरोदरपणाची शक्यता असेल, तर टेबलावर चढण्याआधी बोला.

पुढचं काम माझं. मी धमनी लांबीने उलगडते आणि मग आडवे काप करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते. मधे डायचं पांढरं वर्तुळ असतं. निरोगी जागी त्याच्याभोवती भिंत जवळपास जाणवतच नाही. मग एका कापात वर्तुळाच्या एका कडेला करड्या रंगाची चंद्रकोर दिसायला लागते. पांढरं वर्तुळ तेवढंच राहतं, चंद्रकोर जाड होते, धमनीची बाहेरची कड त्या बाजूला फुगते. हा ग्लॅगोव्हचा फुगवटा डोळ्यांसमोर. चंद्रकोरीत कर्सर ठेवला की आकडा मिळतो. तो 30 हाऊन्सफिल्डच्या खाली असेल तर आत मेदाळ गाभा असण्याची शक्यता जास्त. कधी गाभा गडद आणि त्याभोवती अंगठीसारखी उजळ कड दिसते, कधी बारीक कॅल्शियमचे कण विखुरलेले असतात. या खुणा मी रिपोर्टात नावानिशी लिहिते, पोकळी कितीही मोकळी असली तरी.

याने काय फरक पडतो? स्कॉटलंडमध्ये छातीदुखीच्या 4,146 रुग्णांवर ‘स्कॉट-हार्ट’ नावाचा अभ्यास झाला. अर्ध्यांना नेहमीच्या तपासण्या, अर्ध्यांना त्यांच्या जोडीला हा सीटी. पाच वर्षांच्या हिशेबात हृदयधमनीच्या आजाराने मृत्यू किंवा झटका यांचं प्रमाण सीटीच्या गटात 2.3 टक्के निघालं, दुसऱ्या गटात 3.9. हे आकडे 2018 साली आले तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की जास्त स्टेंट घातले असतील. तसं नव्हतं. पाच वर्षांत स्टेंट आणि बायपासचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. भिंतीतला आजार दिसला म्हणून जास्त लोकांना योग्य गोळ्या मिळाल्या आणि ज्यांना नको होत्या त्यांच्या थांबल्या.

सिगारेटबद्दल तुम्ही विचारलं नाही, मीही लांबण लावत नाही. बंद करा.

प्रश्न : नवीन ‘फोटॉन काउंटिंग’ सीटीबद्दल वाचलं. त्यात फुटणारा प्लाक (भिंतीतला मेदाचा थर) आधीच ओळखता येतो म्हणे. मग जुन्या मशीनवर तपासणी करून घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ आहे. आधी नव्या यंत्राचं कौतुक, मग मर्यादा.

नेहमीच्या सीटीत एक्स-रे आधी प्रकाशात बदलतो आणि मग त्या प्रकाशाचा विद्युत संकेत होतो. नव्या यंत्रात कॅडमियम टेल्युराइडचा डिटेक्टर प्रत्येक फोटॉन थेट मोजतो, त्याच्या ऊर्जेसकट. अशा पहिल्या पूर्ण आकाराच्या यंत्राला अमेरिकेत 2021 साली मान्यता मिळाली. नेहमीच्या यंत्रावर अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे बारकावे दिसतात, इथे 0.2 मिलिमीटरपर्यंत जाता येतं. मला याचा सर्वांत मोठा फायदा वाटतो तो कॅल्शियमच्या बाबतीत. नेहमीच्या सीटीत कॅल्शियमचा ठिपका असतो त्याहून फुगलेला दिसतो आणि शेजारची वाट प्रत्यक्षापेक्षा अरुंद भासते. स्टेंटच्या जाळीचंही तसंच. नव्या चित्रात हा फुगारा बराच उतरतो आणि ‘अँजिओग्राफी करूनच बघू’ असं लिहायची पाळी कमी येते.

आता मर्यादा. फाटण्याच्या बेतात असलेलं आवरण 65 मायक्रॉनहून पातळ धरतात. म्हणजे 0.065 मिलिमीटर. 0.2 मिलिमीटरच्या नजरेला ते दिसणार नाही. ते बघायचं तर ओसीटी लागतं : धमनीत बारीक तार सरकवून प्रकाशाने काढलेलं चित्र, 10 ते 20 मायक्रॉनचे तपशील दाखवणारं. या तंत्राचा 1991 सालचा पहिला लेख डोळ्याच्या पडद्यासाठी प्रसिद्ध आहे, पण त्याच लेखात हृदयाच्या धमनीच्या तुकड्याचंही चित्र होतं. ओसीटीला प्रकाश वापरावा लागतो, म्हणून ते भिंतीत मिलिमीटर-दोन मिलिमीटरपलीकडे पोचत नाही आणि बघताना रक्त डायने धुऊन काढावं लागतं. खोलवर बघायला आतून केलेलं अल्ट्रासाउंड आहे, त्याची नजर जाडीभरडी. दोन्हींसाठी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, जावं लागतं, सहज चौकशी म्हणून कुणी ते करत नाही.

धमनीच्या भिंतीतला दाह, म्हणजे सूज, बाहेरून ओळखण्याची एक हुशारीची वाट ऑक्सफर्डच्या संशोधकांनी काढली, ती मला मनापासून आवडते. धमनीला बाहेरून चरबीचं वेष्टण असतं. भिंतीत दाह असेल तर तिथून निघणाऱ्या रसायनांमुळे लगतच्या चरबीपेशींत मेद नीट साठत नाही, पाण्याचा अंश वाढतो. सीटीवर चरबीचा हाऊन्सफिल्ड आकडा उणे 190 ते उणे 30 या पट्ट्यात असतो. दाह असेल तिथे तो उणे तीसच्या दिशेने सरकतो. 2018 साली त्यांनी दाखवलं की साधारण उणे 70 च्या वर गेलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं कडेला ढकलत होतो त्या करड्या पट्ट्यात माहिती होती. पण हा आकडा यंत्र, व्होल्टेज, धमनीचा भाग यांवर हलतो. तो काढायला खास सॉफ्टवेअर लागतं, डोळ्यांनी अंदाज करून लिहिलेला आकडा मानू नका.

‘फुटणारा प्लाक’ आधी बोट ठेवून दाखवणारं यंत्र अजून नाही. धोक्याचा माणूस ओळखता येतो, धोक्याची जागा आणि दिवस नाही. चांगल्या, पण जुन्या यंत्रावर अनुभवी माणसाने वाचलेला स्कॅन मी केव्हाही पत्करेन.

प्रश्न : माझ्या मुलीला (वय 27) चार महिने बारीक ताप, थकवा आहे. डाव्या मनगटाची नाडी लागत नाही, दोन हातांच्या रक्तदाबात बराच फरक येतो. डॉक्टरांना टाकायासू हा आजार वाटतो. कोणी एमआरआय म्हणतात, कोणी पेट स्कॅन. एवढ्या लहान वयात शिरा कशा भरतील?

उत्तर : तिच्या धमन्या मेदाने भरलेल्या नाहीत. हा भिंतीचाच, पण वेगळा आजार आहे : भिंतीला सूज येते, ती जाड होते आणि मग पोकळी आकसते. कोलेस्टेरॉलशी याचा संबंध नाही, आणि मुलीच्या हातून काही झालं म्हणून हे झालेलं नाही. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या स्त्रियाच असतात. 1908 साली जपानमध्ये मिकितो टाकायासू या नेत्रतज्ज्ञांनी 21 वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यांतल्या विचित्र रक्तवाहिन्यांचं वर्णन केलं. चर्चेत इतर डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याकडच्या अशा रुग्णांच्या मनगटाला नाडीच लागत नव्हती. तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही हातांना पट्टा बांधून पाहिला, हे फार चांगलं केलं.

दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. एमआरआयमध्ये भिंत किती जाड झाली, कुठून कुठपर्यंत, पोकळी कुठे आकसली हे दिसतं, किरणोत्सर्ग नाही. सत्ताविसाव्या वर्षी हा मुद्दा मोठा, कारण तिला पुढे अनेकदा तपासावं लागेल. संशयित टाकायासूमध्ये सहसा म्हणूनच एमआरआयने सुरुवात करतात. पेटमध्ये किरणोत्सर्गी ग्लुकोज देतात. सुजेतल्या पेशी ते अधाशासारखं खेचतात आणि महाधमनीची भिंत आगीच्या रेषेसारखी उजळते. आजार आत्ता धगधगतोय का, याचं उत्तर पेट चांगलं देतं. ताप कशाचा हेच ठरत नसेल तेव्हाही ते उपयोगी पडतं, सगळं अंग एकदम दिसतं म्हणून.

घाई एकाच गोष्टीची करा. स्टेरॉइड सुरू झालं की सूज चित्रातून झपाट्याने उतरते आणि स्कॅन खोटा दिलासा देतो. शक्य असेल तर तपासणी आधी किंवा पहिल्या काही दिवसांतच उरकावी. पण तारीख मिळत नाही म्हणून औषध रोखून धरायला तुम्ही सांगू नका, तो निर्णय संधिवाततज्ज्ञांचा.

याच निमित्ताने घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी : पन्नाशीनंतर कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, केस विंचरताना टाळू हुळहुळणं, आणि त्यात क्षणभर नजर जाणं, हा कानशिलाच्या धमनीचा असाच दाह असू शकतो. तिथे साध्या सोनोग्राफीतसुद्धा धमनीभोवती गडद कडं दिसतं. 1997 पासून ही खूण माहीत आहे. यात दृष्टी कायमची जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, या सदराला पत्र लिहू नका.

प्रश्न : हेल्थ चेकअपमध्ये मानेच्या शिरांची जाडी 0.9 मिमी आली. ‘वाढलेली’ असा शेरा आहे.

उत्तर : ही मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी. वयानुसार ती वाढतेच. शिवाय मोजणाऱ्याचा हात, प्रोबचा कोन यांनी मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक सहज पडतो. 2013 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनीही ही जाडी सरसकट मोजण्याची शिफारस केली नाही. मी विचारीन ते वेगळं : एका जागी उंचवटा, म्हणजे प्लाक, आहे का? रिपोर्टात त्याचा उल्लेख नसेल तर विचारून घ्या. असेल तर 0.9 पेक्षा तो महत्त्वाचा.

प्रश्न : (नववीतल्या विद्यार्थिनीकडून) धमन्यांचा हा आजार आपल्या काळातच सुरू झाला का?

उत्तर : नाही गं. 2013 साली संशोधकांनी 137 ममींचे सीटी काढले. इजिप्त, पेरू, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि अलास्काजवळची अल्युशियन बेटं, चार वेगवेगळ्या ठिकाणच्या. त्यांपैकी 47 जणांच्या धमन्यांत हा आजार नक्की किंवा बहुधा होता, असं दिसलं. त्यांतले काही शिकार करून जगणारे होते. मेद आणि सूज काळाबरोबर नाहीशी झाली, कॅल्शियम मात्र हजारो वर्षं टिकलं. तुला पुढे रेडिओलॉजीत यायचं असेल तर ये, इथे असले रुग्णसुद्धा भेटतात.

प्रश्न : दुसरं मत घ्यायला गेलो की पुन्हा सगळे स्कॅन करायला सांगतात. इतकी किरणं घेणं बरं का?

उत्तर : कॅल्शियम स्कोअरला साधारण 1 मिलिसिव्हर्ट किरणं लागतात. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात. डायचा सीटी यंत्रानुसार आणि नाडीनुसार कमीजास्त. भीती वाटावी इतकं हे नाही, पण उगाच दोनदा का घ्यायचं? पुन्हा करायला सांगतात त्याचं नेहमीचं कारण म्हणजे तुम्ही नुसता कागद घेऊन जाता. दुसऱ्या डॉक्टरला माझं मत नको असतं, मी पाहिलेली चित्रं हवी असतात. तपासणी केंद्रातून निघताना सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम (स्कॅनच्या मूळ चित्रांची फाइल) स्वरूपातला पूर्ण डेटा मागा, पातळ कापांसकट. निवडक चार फोटोंच्या फिल्मवरून भिंत वाचता येत नाही. घरी एकदा उघडून बघा, रिकाम्या सीडी बऱ्याच निघतात, आणि तपासणीची तारीख वर पेनने लिहून ठेवा.